सरकार पडत नाही, बंद पडतं : अमेरिकी शासनव्यवस्थेच्या अभ्यासाची प्रस्तावना

१

अमेरिकेचं राजकारण शिकवायला घेतलं की पहिल्याच तासाला शब्द आडवे येतात. ‘काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांची मागणी फेटाळली’ असं वाक्य फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. आपल्याकडे काँग्रेस म्हणजे पक्ष, तिथे काँग्रेस म्हणजे संसद. आपला सेक्रेटरी मंत्र्याच्या हाताखाली असतो, तिथला सेक्रेटरी स्वतःच मंत्री असतो. ‘राज्य’ या साध्या शब्दाचंही तेच. महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं संसदेच्या कायद्याने १ मे १९६० रोजी अस्तित्वात आली. अमेरिकेतली पहिली तेरा राज्यं मात्र केंद्र सरकारच्या आधीपासून होती आणि आपल्याकडचा थोडा थोडा अधिकार काढून त्यांनीच केंद्र उभं केलं. शब्द ओळखीचे आणि अर्थ परके, अशी ही गंमत आहे. विषयात शिरताना पहिली ठेच इथेच लागते, आणि ती लागलेली बरी. माणूस पुढे पाहून चालतो.

सगळ्यात बोलकी ठेच लागते ती ‘सरकार पडणं’ या शब्दप्रयोगाला. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मतं पडली, आणि एका मताने सरकार गेलं. हे ज्याच्या लक्षात आहे तो वाचक अमेरिकेच्या बातम्या वाचताना बुचकळ्यात पडतो. संसदेत विरोधकांचं बहुमत असताना हा राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर राहतो कसा? राहतो, कारण तिथे सरकार पडतच नाही. त्याची चार वर्षं संसदेच्या मर्जीवर अवलंबून नसतात. महाभियोगाची वाट आहे, पण त्या वाटेने सिनेटने आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर केलेलं नाही. १९७४ साली निक्सन गेले ते राजीनामा देऊन.

तिथे सरकार बंद पडतं. २२ डिसेंबर २०१८ रोजी असंच झालं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते आणि संसदेतून ते मंजूर होईनात. खर्चाला मंजुरी नाही म्हणून कित्येक खात्यांचं काम थांबलं. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडला. निम्म्याच्या आसपास लोकांना घरी बसवलं गेलं. उरलेले, म्हणजे विमानतळावर सामान तपासणारे आणि विमानांना वाट दाखवणारे, बिनपगारी कामावर येत राहिले. ३५व्या दिवशी, २५ जानेवारीला सकाळी, हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडले आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे निघालेली विमानं रोखून धरावी लागली. त्याच दिवशी तोडगा निघाला. भिंतीचे पैसे न मिळताच सरकार पुन्हा सुरू झालं.

आपल्याकडे लोकसभेने अर्थसंकल्प नामंजूर केला तर सरकारला जावं लागतं. तिथे भांडणारे दोघेही आपापल्या जागी कायम राहतात, आणि मधल्यामध्ये सामान तपासणाऱ्याच्या घरचं भाडं थकतं. ‘पडणं’ आणि ‘बंद पडणं’ यांत एकाच शब्दाचं अंतर आहे, पण ते नीट कळलं तर या विषयाचा बराच भाग हाती येतो. या पुस्तकात मी वाचकाला दोन साधे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावणार आहे. सत्तेबद्दल बोलताना : कोण कोणाला अडवू शकतं? आणि प्रतिनिधित्वाबद्दल बोलताना : कोणाला मोजलं, आणि कोणत्या मापाने? संस्थांची नावं, कलमं, खटले हे सगळं पुढे येईलच. हे दोन प्रश्न सोबत असले तर त्या गर्दीत वाट चुकत नाही.

२

मराठीत सत्तेच्या छटा सांगणाऱ्या शब्दांची वाण नाही. तहसीलदाराकडे अधिकार असतो. साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षाकडे आता पद नसतं, तरी तालुक्यात त्याचं वजन असतं. कोणाची कचेरीत वट असते, कोणाचा नुसता दरारा असतो. राज्यशास्त्र याच छटा जरा शिस्तीने वेगळ्या करतं. घटनेने किंवा पदाने मिळालेलं आणि इतरांनी रास्त मानलेलं बळ म्हणजे अधिकार. दुसऱ्याच्या वागण्यात प्रत्यक्ष फरक पाडता येणं म्हणजे सत्ता. ही दोन्ही एकाच हातात असतात असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो.

कोरियातलं युद्ध चालू असताना, ८ एप्रिल १९५२ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी देशातले पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. कामगारांचा संप तोंडावर आला होता आणि लढाईला पोलाद कमी पडेल अशी धास्ती होती. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयातले नऊच्या नऊ न्यायाधीश एक तर ट्रुमन यांनी नेमलेले होते किंवा त्यांच्याच पक्षाच्या रूझवेल्ट यांनी. तरीही २ जूनला न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हुकूम रद्द केला : संसदेने असा अधिकार दिलेला नाही, तेव्हा युद्धाचं कारण सांगून तो घेता येणार नाही. न्यायसंस्थेच्या हाती तलवारही नसते आणि थैलीही नसते, हे घटनेचा पुरस्कर्ता अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७८८ मध्येच लिहून ठेवलं होतं. समोर होता एका महासत्तेचा सरसेनापती. त्याने त्याच दिवशी कारखाने परत केले. संप झाला आणि ५३ दिवस चालला.

ही झाली उघड्यावर दिसणारी सत्ता. राज्यशास्त्रज्ञांचं खरं भांडण न दिसणाऱ्या सत्तेवरून आहे. १९५६ साली समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी असं मांडलं की मोठ्या कंपन्या, लष्कर आणि केंद्र सरकार यांच्या शिखरावरची मूठभर माणसंच अमेरिकेतले महत्त्वाचे निर्णय घेतात. येल विद्यापीठातले रॉबर्ट डाल यांना हे पटलं नाही. सत्ता मोजायची तर निर्णय तपासा, असं त्यांचं म्हणणं. ‘अ’ने जोर लावला नसता तर ‘ब’ने जे केलंच नसतं, ते त्याने केलं असेल तर ‘अ’ची ‘ब’वर सत्ता आहे, ही त्यांची कसोटी. ती घेऊन ते आपल्याच न्यू हेवन शहरात हिंडले. शहराची पुनर्बांधणी, शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या या तीन बाबतींत कोणाचं म्हणणं खरं झालं ते त्यांनी तपासलं. प्रत्येक बाबतीत वेगळी माणसं वरचढ ठरलेली दिसली. १९६१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने या शाखेची एक पिढी घडवली.

पुढच्याच वर्षी पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ या दोघांनी एक खोचक प्रश्न टाकला : जे प्रश्न निर्णयापर्यंत कधी पोचलेच नाहीत, त्यांचं काय? त्याचं उत्तर शोधायला मॅथ्यू क्रेन्सन इंडियाना राज्यातल्या दोन शेजारी शहरांत गेले. ईस्ट शिकागो आणि गॅरी. दोन्ही पोलादाची शहरं, दोन्हींच्या छपरांवर सारखीच काजळी. ईस्ट शिकागोने धुराविरुद्ध नियम केला १९४९ साली. गॅरीने केला १९६२ साली. मधली तेरा वर्षं गॅरीत काय झालं? फारसं काही झालंच नाही, आणि मुद्दा तोच आहे. गॅरी हे शहर यूएस स्टील या एकाच कंपनीने वसवलेलं. शहराला नावसुद्धा कंपनीच्या अध्यक्षाचं. कंपनीने मोर्चा अडवला नाही, नगरसेवकाला धमकावलं नाही. ती गप्प राहिली. ती काय म्हणेल या विचारानेच विषय बराच काळ पुढे सरकला नाही. डालच्या कसोटीला ही सत्ता सापडत नाही, कारण तपासायला निर्णयच नाही. मराठी वाचकाला मात्र ती ओळखायला वेळ लागू नये. आपण तिला दरारा म्हणतो.

१९७४ साली स्टीव्हन ल्यूक्स यांनी आणखी एक पायरी खाली उतरून पाहिलं. माणसाला आपलं हित कशात आहे हेच वेगळं वाटू लागलं, तर त्याला अडवायचीही गरज उरत नाही. ही पायरी सगळ्यात निसरडी आहे. दुसऱ्याचं ‘खरं’ हित कशात हे ठरवणारा अभ्यासक कोण, हा प्रश्न तिथे लगेच उभा राहतो, आणि अजून मिटलेला नाही.

३

अडवण्याची ही व्यवस्था आपोआप तयार झालेली नाही. ती बसून, विचार करून रचलेली आहे. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात, घटना लिहिणाऱ्या परिषदेसाठी, ५५ प्रतिनिधी जमले. दाराशी पहारा, खिडक्या बंद, आतला चकार शब्द बाहेर काढायचा नाही असा नियम. व्हर्जिनियाचा ३६ वर्षांचा जेम्स मॅडिसन रोज टिपणं घेत होता. ती छापली गेली १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर. या मंडळींच्या मनात दोन भीती होत्या. एक राजाची, त्याची सत्ता झटकून फार वर्षं झाली नव्हती. दुसरी जमावाची. आदल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी डॅनिएल शेज यांच्या मागे जाऊन न्यायालयांचं कामकाज बंद पाडलं होतं. एकाच्या हाती सगळं नको आणि सगळ्यांच्या हाती एकदम नको, अशा दुहेरी धास्तीतून त्यांनी सत्तेचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला दुसऱ्याचा हात धरण्याची सोय करून ठेवली. पदावरच्या माणसाच्या सद्गुणांवर विसंबू नये; एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनेच लगाम घालावा, हा मॅडिसनचा हिशेब.

तो असा चालतो. विधेयक प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत एकाच मसुद्यात संमत व्हायला हवं. मग राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतो. तो मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. इतकं सगळं पार पडूनही सर्वोच्च न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं. हा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ साली एका निकालात तो सिद्ध केला. शिवाय सिनेटची स्वतःची एक रीत आहे. कोणत्याही सदस्याला लांबत जाणारी चर्चा करून विधेयक अडवता येतं, आणि ती चर्चा थांबवायला शंभरातल्या साध्या बहुमताने भागत नाही. आज ६० मतं लागतात, १९६४ साली दोन तृतीयांश लागत.

१९६४चाच एक प्रसंग सांगतो. कृष्णवर्णीयांना सार्वजनिक जागी आणि नोकरीत समान वागणूक देणारं नागरी हक्क विधेयक दक्षिणेतल्या सिनेटरांनी सुमारे तीन महिने बोलून बोलून रोखलं होतं. १० जूनला चर्चा थांबवण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना मेंदूतल्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांना चाकांच्या खुर्चीवरून सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी कसाबसा हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट नेलं. इंग्रजीत होकाराचा शब्द आणि डोळ्याचा शब्द उच्चाराला एकच आहे, ‘आय’. लेखनिकाने होकार नोंदवला. ७१ विरुद्ध २९ मतांनी कोंडी फुटली. पुढच्या महिन्यात एंगल वारले.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तो गहिवर आणण्यासाठी नाही. अडवणुकीच्या सोयीला स्वतःची नीतिमत्ता नसते, हे त्यातून दिसतं. पोलाद कारखान्यांच्या खटल्यात जी रचना मनमानीच्या आड आली, तीच रचना सिनेटमध्ये न्यायाच्या आड आली. अमेरिकी व्यवस्थेची एकतर्फी स्तुती किंवा एकतर्फी निंदा करणारं पुस्तक दिसलं की या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

याखेरीज संघराज्य आहे. पन्नास राज्यं, प्रत्येकाची आपली घटना, आपलं सर्वोच्च न्यायालय. आणि त्यांच्या खाली काउंट्या, शहरं, शाळा मंडळं मिळून सुमारे ९० हजार स्थानिक शासनसंस्था. राष्ट्राध्यक्षाची निवडणूकसुद्धा राज्यंच घेतात, केंद्राचा निवडणूक आयोग नव्हे. या थरांची ओळख आपल्याकडे सहसा राहून जाते, कारण बातम्या वॉशिंग्टनच्या येतात.

४

आता दुसरा प्रश्न. सत्तेचे तुकडे केले, पण ते वापरायचे कोणाच्या नावाने? लोकांच्या. लोक म्हणजे कोण? आणि त्यांच्या वतीने बसलेल्याने वागायचं कसं?

एडमंड बर्क या ब्रिटिश खासदाराने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं, की तुमचा प्रतिनिधी तुमच्यासाठी राबेल, पण स्वतःची विवेकबुद्धी तुमच्या मताच्या स्वाधीन करणार नाही. तेव्हापासून हा वाद चालू आहे. आपल्या शब्दांत सांगायचं तर प्रतिनिधी हा निरोप्या की मुखत्यार? निरोप्याने सांगितलं तेवढंच पोचवायचं. मुखत्याराने आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यायचा.

पाठ्यपुस्तकात हा वाद कोरडा वाटतो. तो जिवंत पाहायचा असेल तर आधी फिलाडेल्फियाला परत जाऊ. मार्च १८८६. आनंदीबाई जोशी तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ तारखेला पदवीधर होतात, आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई आलेल्या असतात. रमाबाई पुढे जवळपास तीन वर्षं त्या देशात हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिलं. त्यात राज्यव्यवस्थेवर एक प्रकरण आहे आणि स्त्रियांच्या स्थितीवर एक. या विषयावर मराठीत लिहिणारा कोणीही त्यांच्या मागून चालतो. ज्या शहरात ‘आम्ही लोक’ म्हणून घटना लिहिली गेली, तिथे शंभर वर्षांनीही स्त्री डॉक्टर होऊ शकत होती, पण काँग्रेससाठी मत देऊ शकत नव्हती.

ते चित्र देशभर बदललं १८ ऑगस्ट १९२० रोजी, टेनेसी राज्याच्या विधानसभेत. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची संमती हवी होती; ३५ झाली होती. राजधानी नॅशव्हिलमध्ये संमतीच्या ठरावाच्या बाजूचे सदस्य पिवळा गुलाब लावून आणि विरोधक लाल गुलाब लावून बसले होते. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा तरुण सदस्य लाल गुलाब लावून आला होता. ठराव बाजूला टाकण्याच्या सूचनेवर ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग प्रत्यक्ष संमतीसाठी नावं पुकारली गेली, आणि बर्न हो म्हणाला. त्याच्या खिशात आईचं पत्र होतं. गावाकडच्या चार गोष्टींमध्ये तिने लिहिलं होतं, की शहाण्यासारखा वाग आणि बायकांच्या मताधिकाराला मत दे. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहात सांगितलं, की मुलाने आईचं ऐकणं केव्हाही भलं.

बर्नने कोणाचं प्रतिनिधित्व केलं? त्याच्या मतदारसंघात विरोधाचा जोर होता, म्हणजे निरोप्या म्हणून तो चुकला. स्वतःच्या विवेकाने वागला म्हणावं, तर विवेक आईने पत्रातून धाडलेला. पण ती आई त्याची मतदार नव्हती, कारण विधानसभेसाठी तिला मतच नव्हतं. ज्यांना मोजलंच जात नाही अशांच्या वतीने त्या दिवशी तो बसला होता. माझे विद्यार्थी या प्रश्नावर दरवर्षी दोन गटांत विभागतात आणि मी कोणत्याच गटाला बरोबर ठरवत नाही.

हॅना पिटकिन यांनी १९६७ साली या गुंत्याची फोड करून दाखवली. प्रतिनिधी आपल्यासारखा असणं वेगळं, आणि त्याने आपल्यासाठी झटणं वेगळं. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. बेळगावात वाढलेले ठाणेदार २०२२ साली मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात निवडून गेले. डेट्रॉइटचा मोठा भाग या मतदारसंघात येतो. पक्षांतर्गत निवडणुकीत उमेदवारांची गर्दी होती आणि तीस टक्क्यांहून कमी मतांवर ते पुढे आले. इकडे आपल्याला अभिमान वाटला. तिकडे डेट्रॉइटमध्ये एका वेगळ्याच गोष्टीची चर्चा होती : १९५५पासून प्रथमच या कृष्णवर्णीयबहुल शहराचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नव्हता. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि पिटकिन यांची फोड हाताशी असली की त्या एकमेकींना खोडत नाहीत हे कळतं.

५

प्रतिनिधित्वाचा गाभा शेवटी मोजणीत आहे. फिलाडेल्फियात सगळ्यात कडू भांडण त्यावरूनच झालं. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहान राज्यांना सर्वांना सारख्या. १६ जुलै १७८७ रोजी जेमतेम एका राज्याच्या फरकाने तोड निघाली : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. आपल्या राज्यसभेला हा नियम लावला असता तर गोव्याला महाराष्ट्राइतक्याच जागा मिळाल्या असत्या. प्रत्यक्षात त्या एक आणि एकोणीस आहेत. २०२०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख भरली आणि वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. अडुसष्ट पट फरक, सिनेटर दोघांचेही दोन.

त्याच घटनेत दुसरं माप होतं, आणि ते लाजिरवाणं होतं. जागा ठरवताना गुलामांना तीन पंचमांश धरायचं. मत शून्य, मोजणी तीन पंचमांश, आणि त्या मोजणीचा फायदा त्यांच्या मालकांच्या राज्यांना. १७९०च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांत जवळपास ७ लाख गुलाम होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यातून त्यांना दिसलेलं ते खरं होतं. पण पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या राज्यांनी वाचन-परीक्षा, मतदानकर आणि उघड दहशत यांनी ती दुरुस्ती कागदावर आणून ठेवली. १९६५चा मताधिकार कायदा येण्याआधी मिसिसिपीत जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीय प्रौढ मतदारयादीत होते. १९६७पर्यंत ते प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेलं. घटनेतला शब्द तोच होता. फरक पडला तो केंद्राचे अधिकारी मतदार नोंदवायला गावात येऊन बसले म्हणून.

रेषा कुठे आखायची हीदेखील मोजणीच. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघांच्या आराखड्यावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या चिकटवून सॅलमँडरसारखा प्राणी काढला आणि नाव दिलं ‘गेरीमँडर’. मतदारसंघांच्या हातचलाखीला आजही जगभर हेच नाव आहे. बिचाऱ्या गेरींनी फिलाडेल्फियाला हजर राहूनही घटनेवर सही करायला नकार दिला होता, हे कोणाला आठवत नाही.

कधी कधी रेषा न आखणं हीच हातचलाखी असते. हॅरी बर्नच्याच टेनेसीने १९०१नंतर साठ वर्षं आपले मतदारसंघ बदलले नाहीत. शहरं वाढली, जागा मात्र खेड्यांकडेच राहिल्या. ज्यांच्या जागा जाणार तेच आमदार बदल करणार कसे? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय आपल्या अखत्यारीत घेतला आणि १९६४ साली प्रतिनिधिगृहासाठी आणि राज्यांच्या विधिमंडळांसाठी समान लोकसंख्येचे मतदारसंघ बंधनकारक केले. सिनेटला हे माप लागलं नाही, लागूही शकत नाही. ते घटनेतच कोरलेलं आहे.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत ही दोन्ही मापं एकत्र येतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातल्या आणि सिनेटमधल्या जागांच्या बेरजेइतके निर्वाचक; राजधानीचे तीन धरून एकूण ५३८, जिंकायला २७०. बहुतेक राज्यांत जास्त मतं मिळवणाऱ्याला सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. म्हणून २००० साली अल गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडूनही फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी बुश राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांची आघाडी २८ लाखांहून अधिक होती आणि पद ट्रम्प यांना मिळालं. मोजणीत चूक झाली असं यावर पुष्कळांना वाटतं. माप वेगळं होतं, एवढंच म्हणता येईल. ते माप योग्य आहे का, हा पुढचा वाद.

६

आपल्याकडे हा सगळा खल कोणी केलाच नव्हता असं नाही. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेकडून दोन अपेक्षा असतात, स्थैर्य आणि उत्तरदायित्व. दोन्ही सारख्या मापाने देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते. संसदीय पद्धतीत सरकारला रोज, प्रश्नोत्तरांतून आणि ठरावांतून, जाब द्यावा लागतो. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं.

म्हणजे सुरुवातीला अडखळवणारी ती दोन क्रियापदं भाषेचा अपघात नव्हेत. पडू शकणारं सरकार आपण समजून उमजून घेतलं, त्याच्या पक्षांतरांसकट आणि मध्यावधी निवडणुकांसकट. फिलाडेल्फियातल्या मंडळींनी न पडणारं घेतलं, आणि ते बंद पडू शकतं ही त्याची किंमत आज तिथले कर्मचारी भरतात. कोणती किंमत परवडते, हा प्रश्न दोन्ही देशांत उघडाच आहे.

या अभ्यासाला आलेल्या वाचकाला मोठी तयारी लागत नाही. अमेरिकेची मूळ घटना एका बैठकीत वाचून होण्याइतकी छोटी आहे; पहिल्या प्रकरणाआधी ती वाचावी. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी या घटनेच्या समर्थनार्थ टोपणनावाने लिहिलेल्या ८५ लेखांपैकी दहावा आणि एक्कावन्नावा सवडीने वाचावा. आणि एक छोटासा गृहपाठ. वॉशिंग्टनची कोणतीही बातमी समोर आली की तिच्यातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारावी. रोखलं, फेटाळलं, स्थगिती दिली, मंजूर केलं, पुन्हा मोजलं. मग समासात लिहावं : हे कोणी केलं, कोणत्या कलमाच्या जोरावर, आणि कोणाच्या किती मतांवर. महिनाभर हे केलेल्या विद्यार्थ्याला मी अजून नापास केलेलं नाही. ज्या बातमीपुढे समास कोराच राहील, ती मात्र जपून ठेवावी. गॅरीच्या त्या तेरा वर्षांसारखं काहीतरी तिच्यात असण्याची शक्यता आहे.